ती केळ, ते केळे आणि म्युझेशस

केळीच्या रोगांवरचे इंग्रजी टिपण उघडले आणि हरण्या रोगाचे पान आले की एक शब्दजोडी हमखास भेटते: नॉन-म्युझेशस होस्ट्स. हरण्या, म्हणजे कुकुंबर मोझॅक विषाणूचा रोग. पानावर पिवळसर पट्टे उमटतात, पान आखडते, आणि फारच जोर असेल तर पोंगा, म्हणजे शेंड्यातले न उलगडलेले पान, सडतो. रावेर-यावल-चोपड्याच्या शेतकऱ्याला हा रोग समजावून सांगायला नको. पण त्याच्याच घरातला बी. एस्सी. ॲग्रीचा मुलगा हे टिपण मराठीत सांगायला बसला की ‘म्युझेशस’पाशी अडतो. शब्दकोशात ‘केळ्याचा, केळ्यासारखा’ एवढेच मिळते, आणि मग ‘नॉन-म्युझेशस’चे कधी ‘फळ न लागलेली केळ’ होते, कधी ‘केळ्यासारखी न दिसणारी झाडे’.

दोन्ही अर्थ चुकीचे आहेत आणि या चुकीची किंमत बागेत मोजावी लागते. टिपणाला म्हणायचे असते ते असे: हा विषाणू केळीच्या कुळाबाहेरच्या झाडांवरही मुक्काम करतो. काकडी, भोपळा, टोमॅटो, मिरची, वांगे, बांधावरचे कित्येक तण. 1,000 हून जास्त जातींच्या वनस्पतींना हा विषाणू लागतो. तिथून मावा तो केळीवर आणतो. म्हणून नुसती रोगट केळ उपटून भागत नाही. बांध स्वच्छ ठेवावा लागतो, केळीत काकडी किंवा मिरचीचे आंतरपीक टाळावे लागते. बंची टॉप या केळीच्या दुसऱ्या रोगाचा विषाणू याच्या अगदी उलट आहे, तो जवळजवळ म्युझेशस झाडांपुरताच राहतो. तिथे रोगट केळ कंदासकट काढणे आणि मुनवे, म्हणजे कंदातून फुटणारी पिल्ले, निरोगी बागेतून आणणे हाच मुख्य उपाय ठरतो. दोन रोग, दोन उपाय, आणि त्यांच्यामधला फरक एका विशेषणात बसलेला.

तेव्हा हे विशेषण नीट उकलून पाहू.

म्युझेशस म्हणजे केळीच्या कुळातला. फळाशी याचा थेट संबंध नाही, आणि गोडी, वास, पिवळा रंग यांच्याशी तर मुळीच नाही. इथे मराठी माणसाच्या हाती इंग्रजाला नसलेली एक सोय आहे. आपण झाडाला ‘ती केळ’ म्हणतो आणि फळाला ‘ते केळे’. इंग्रजीत दोन्हींना ‘बनाना’. म्युझेशस हे विशेषण ‘ती केळ’चे आहे, ‘ते केळे’चे नाही. एवढे लक्षात ठेवले तर निम्म्या चुका तिथेच संपतात. आयसोअमिल ॲसिटेट या रसायनाला पिकल्या केळ्याचा वास येतो, गोळ्या-चॉकलेटात तेच वापरतात. पण त्या वासाला कुणी म्युझेशस म्हणत नाही, म्हणू नये. उलट ज्या झाडाच्या फळात खायला गर जवळपास नसतो, नुसत्या टणक बिया असतात, ते रानातले झाड पुरेपूर म्युझेशस असू शकते.

उच्चार म्यु-झे-शस, जोर ‘झे’वर. स्पेलिंग एम-यू-एस-ए-सी-ई-ओ-यू-एस. ‘मुसाकेअस’ असे अक्षरामागून अक्षर वाचू नका. हर्बेशस, क्रेटेशस हे शब्द जसे म्हणतो तसेच म्हणायचे.

क्रेटेशस तर खानदेशात प्रत्येकाने शाळेत ऐकलेला असतो. आपल्या पायाखालचा काळा पाषाण, ज्याच्या झिजेतून कापसाची काळी माती झाली, तो सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी, क्रेटेशस काळ संपता संपता, लाव्हा थरावर थर साचून तयार झाला. लॅटिनमध्ये ‘क्रेटा’ म्हणजे खडू. युरोपात त्या काळातले खडूचे जाड थर सापडले, म्हणून तो काळ क्रेटेशस, खडूचा. शब्दाचे शेपूट तेच: लॅटिन ‘आसेउस’, म्हणजे अमुक वस्तूचा, अमुकापासून झालेला, अमुकाच्या जातकुळीचा. ‘फरिना’ म्हणजे पीठ, म्हणून फॅरिनेशस म्हणजे पिठूळ. ‘हर्बा’ म्हणजे मऊ खोडाची वनस्पती, म्हणून हर्बेशस. आणि केळ कितीही उंच झाली तरी ती हर्बेशसच, कारण तिच्यात लाकूड नाही.

वनस्पतिशास्त्रात हे शेपूट फार शिस्तीने वापरले जाते. कुळाचे नाव लॅटिन स्त्रीलिंगी अनेकवचनात असते, कारण मनात ‘प्लांटे’, म्हणजे वनस्पती, हा स्त्रीलिंगी शब्द गृहीत असतो. म्हणून म्युझेसी, सोलॅनेसी, माल्व्हेसी. यापासून इंग्रजी विशेषण करायची कृती अगदी सोपी आहे. कुळाच्या नावाच्या शेवटची दोन अक्षरे, ए आणि ई, काढा आणि ओ-यू-एस लावा. म्युझेसीचे म्युझेशस, सोलॅनेसीचे सोलॅनेशस, माल्व्हेसीचे माल्व्हेशस. जळगावच्या भरताचे वांगे, मिरची, टोमॅटो, बटाटा हे सगळे सोलॅनेशस. कापूस, भेंडी, अंबाडी माल्व्हेशस.

कृती सोपी असली तरी तीन ठिकाणी पाय घसरतो.

पहिले, विशेषण कुळाच्या नावावरून करायचे, पिकाच्या नावावरून नाही. कापसाचे शास्त्रीय नाव गॉसिपियम. म्हणून कुणी ‘गॉसिपिएशस’ असा शब्द बनवला तर तो कोणत्याही कोशात सापडणार नाही. कापसाचे कुळ माल्व्हा नावाच्या वेगळ्याच झाडावरून ओळखले जाते. केळीच्या बाबतीत पीक आणि कूळ दोघांचे नाव एकाच ‘म्युझा’वर आहे, हा योग, तो सगळीकडे जुळत नाही.

दुसरे, सगळी कुळे या साच्यात बसत नाहीत. ज्वारी-बाजरीचे कूळ आता पोएसी. पण पुस्तकांत विशेषण ग्रॅमिनेशस किंवा ग्रॅमिनिअस भेटते, कारण जुने नाव ग्रॅमिनी होते. तूर, उडीद, हरभरा यांना लेग्युमिनस म्हणतात. आणि ॲलिएशस हा शब्द तर कुळापेक्षा वासासाठीच जास्त वापरला जातो: कांदा-लसणाच्या वासाचा, चवीचा. म्हणजे एकाच शेपटाचे दोन शब्द. ॲलिएशस नाकाला सांगतो, म्युझेशस फक्त वंशावळ सांगतो. इंग्रजी कोशातला अर्थ त्यामुळे एकावरून दुसऱ्यावर ढकलता येत नाही. शब्दागणिक तपासावे लागते.

तिसरे घसरणे कानामुळे. व्होरेशस म्हणजे खादाड, ऑडेशस म्हणजे धाडसी, टिनेशस म्हणजे चिवट. ऐकताना शेवट तोच, ‘एशस’. पण त्यांचे शेपूट लॅटिनच्या ‘आक्स’ या वेगळ्या प्रत्ययातून आले आहे आणि स्पेलिंगमध्ये सी नंतर आय येतो. म्युझेशसमध्ये सी नंतर ई. ई असेल तर वस्तूचा किंवा कुळाचा, आय असेल तर स्वभावाचा, ही खूण वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवण्यासारखी आहे. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत सर्वांत जास्त गफलत या एका अक्षराची होते.

आता शब्दाचे डोके, म्हणजे ‘म्युझा’. म्युझियम आणि म्युझिक यांत ग्रीकांच्या कलादेवता आहेत; त्यांचा केळीशी संबंध नाही. मुसा हे पैगंबरांचे नाव रोमन लिपीत तसेच दिसते, त्याचाही नाही. आणखी एक व्युत्पत्ती बऱ्याच ठिकाणी छापलेली असते: रोमन सम्राट ऑगस्टसचा वैद्य अँटोनियस मुसा याच्या सन्मानार्थ वनस्पतींना शास्त्रीय नावे देणाऱ्या स्वीडनच्या लिनिअसने केळीला हे नाव दिले. गोष्ट ऐकायला छान आहे, पण लिनिअसच्या कितीतरी आधी, अरबी वैद्यकग्रंथांची लॅटिन भाषांतरे झाली तेव्हाच, केळीसाठी ‘मुसा’ हा शब्द युरोपात पोहोचला होता. तो अरबी ‘मौझ’चा लॅटिन अवतार. अरबीत आजही केळ्याला मौझच म्हणतात. आखातात कामाला गेलेल्यांना तो बाजारातला रोजचा शब्द म्हणून माहीत असतो.

अरबी मौझच्या मागे मध्य फारसी ‘मोझ’, आणि त्याच्या मागे बहुतेक कोशकार आणून उभा करतात तो संस्कृत ‘मोच’, ‘मोचा’. अमरकोशात केळीच्या नावांच्या ओळीत कदली, रंभा यांच्याबरोबर मोचा आहे. बंगालीत मोचा म्हणजे आजही केळफूल, आणि त्याची भाजी तिथे घरोघर होते. म्हणजे ज्या शब्दाला बिचकून जळगावचा विद्यार्थी पान उलटतो, त्याचे मूळ इथल्याच मातीतले. मोच, मोझ, मौझ, म्युझा, म्युझेशस. इतका प्रवास करून तो परत केळीच्या बागेत आला आहे. मला या शब्दाबद्दल जी ओढ वाटते ती यासाठी.

पण मोचा या शब्दात एक खड्डा आहे. अमरकोशात काटेसावरीलाही मोचा म्हटले आहे. आयुर्वेदाच्या दुकानात मिळणारा मोचरस हा सावरीचा डिंक, केळीचा रस नव्हे. सातपुड्याच्या पायथ्याला ही सावर भरपूर आहे, फाल्गुनात पान नसलेल्या फांद्यांवर तांबडी फुले येतात तीच. ‘मोचा म्हणजे केळ’ एवढे पाठ करून कुणी मोचरसाचा अर्थ लावला तर औषधच बदलते. आणि वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने सावर आता कापसाच्या कुळात धरली जाते, म्हणजे माल्व्हेशस. एक संस्कृत नाव, दोन झाडे, दोन कुळे. लॅटिन नावे निघाली ती हा घोळ टाळण्यासाठीच.

आपला ‘केळ’ हा शब्द मात्र मोचावरून आलेला नाही. तो कदलीवरून, प्राकृत कयली-केली असा, आणि लेवा गणबोलीत, अहिराणीत ळचा य होऊन केयी. कदली हा शब्दही संस्कृतात मुंडा कुळातल्या भाषांतून आला असे बरेच अभ्यासक मानतात. त्या कुळातली कोरकू सातपुड्यात आजही बोलली जाते. आणि ‘बनाना’ हा पश्चिम आफ्रिकेचा शब्द. गोव्यात राहिलेल्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने 1563 साली छापलेल्या ग्रंथात नोंद केली आहे की गिनीकडेही ही फळे होतात आणि तिथे त्यांना बनाना म्हणतात. म्हणजे इंग्रजीत फळाचे नाव आफ्रिकेचे, आणि कुळाचे विशेषण भारताचे.

लिनिअसचे श्रेय वेगळे आहे. हॉलंडमध्ये हार्टेकांप इथे जॉर्ज क्लिफर्ड या धनिकाच्या बागेतल्या काचघरात त्याने केळ फुलवून दाखवली आणि 1736 मध्ये तिच्यावर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. युक्ती अशी: कसदार मातीत लावायची, काही आठवडे पाणी तोडायचे, मग एकदम मुबलक द्यायचे. आपल्याकडे लिंबू-मोसंबीच्या बागेला ताण देऊन बहार धरतात, तीच रीत. पुढे 1753 मध्ये त्याने म्युझा पॅराडिसियाका हे नाव दिले, स्वर्गातली केळ. आणि 1759 मध्ये म्युझा सॅपिएंटम, ज्ञानी लोकांची केळ, कारण भारतातले ज्ञानी पुरुष एका झाडाच्या फळावर राहतात असे रोमन लेखक प्लिनीने लिहून ठेवले होते. आज ही दोन्ही नावे संकरित केळींची ठरली आहेत. मूळ रानटी जाती दोन, अक्युमिनाटा आणि बाल्बिसियाना. 1955 मध्ये सिमंड्स आणि शेफर्ड या संशोधकांनी लागवडीच्या केळी या दोघींच्या वाट्यावरून ए आणि बी अक्षरांनी वर्गवार लावल्या. खानदेशात सगळीकडे दिसणारी ग्रँड नैन आणि जुनी बसराई या तीन एच्या, म्हणजे निव्वळ अक्युमिनाटाच्या लेकी. त्यामुळे ग्रँड नैनला म्युझा पॅराडिसियाका म्हणणारे माहितीपत्रक जुन्या पुस्तकावरून उतरवलेले आहे असे खुशाल समजा.

म्युझेशस कोण आणि कोण नाही, हे ओळखायला पुस्तक लागत नाही. झाडाजवळ उभे राहा आणि पाने वरून पाहा. केळीत एका पानानंतरचे पान थोडे वळून येते, पाने जिन्यासारखी गोल फिरत वर जातात. बागेत शोभेसाठी लावलेले ट्रॅव्हलर्स पाम पाहा: पाने फक्त डावी-उजवी, पंख्याच्या काड्यांसारखी एका पातळीत. हेलिकोनिया आणि बर्ड ऑफ पॅराडाइज यांचीही पाने दोनच ओळींत. पान केळीसारखे, कूळ वेगळे. कर्दळीची पाने गोल फिरतात, तिथे दुसरी कसोटी लावायची: चीक. केळीचे पान तोडले की पाणचट चीक गळतो आणि कपड्यावर तपकिरी डाग पडतो जो धुऊन जात नाही. कर्दळीला असा चीक नाही. खोड आडवे कापून पाहिले तर आणखी खात्री पटते. केळीचे ‘खोड’ म्हणजे एकात एक गुंडाळलेले पानांचे देठ, कांद्याच्या पापुद्र्यांसारखे. खरे खोड जमिनीत, कंद म्हणून. निसवायच्या, म्हणजे केळफूल बाहेर यायच्या, वेळी कंदातून दांडा या पोकळीतून वर येतो.

निसवल्यानंतर केळफूल रोज थोडे थोडे उघडते. एकेक जांभळे आवरण उचलले जाते, त्याखाली फुलांच्या दोन ओळी, आणि त्यांची एक फणी. आधीच्या फण्यांतली फुले मादी, त्यांची केळी होतात. पुढची नर, ती गळून जातात आणि टोकाला कमळ लोंबत राहते. फण्या पुऱ्या झाल्या की ते कमळ मोडून टाकतात. मादी आणि नर फुले अशी वेगळी असणे हीही म्युझेशस झाडाची खूण. हेलिकोनियाच्या एकाच फुलात दोन्ही असतात.

या कुळात आज तीनच प्रजाती धरल्या जातात. म्युझा, चीनच्या युनान भागातली बुटकी, पिवळ्या फुलोऱ्याची म्युझेला, आणि एन्सेट. एन्सेटमधली एक आपल्या सह्याद्रीत आहे, रानकेळ, काही भागांत कवदर. पावसात कड्याकपारींवर हिरवी होते आणि पावसाळा सरला की पाने झडून कंद उरतो. तिला मुनवे फुटत नाहीत. एकदा फळली की मरते, आणि पुढची पिढी बियांतूनच. तिचे आधीचे नाव म्युझा सुपर्बा होते. 1947 मध्ये चीझमन या वनस्पतिशास्त्रज्ञाने एन्सेट ही प्रजाती पुन्हा उभी केली आणि ती एन्सेट सुपर्बम झाली. प्रजाती बदलली तरी कूळ तेच, म्हणून ती तेव्हाही म्युझेशस होती, आताही आहे.

ट्रॅव्हलर्स पामचे तसे झाले नाही, आणि जुनी पुस्तके वाचणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. 19 व्या शतकातल्या इंग्रजी ग्रंथांत ट्रॅव्हलर्स पाम, हेलिकोनिया, बर्ड ऑफ पॅराडाइज यांना सर्रास म्युझेशस म्हटलेले आढळते. ती चूक नव्हे. तेव्हा कूळच तेवढे मोठे होते. 20 व्या शतकात ही मंडळी आपापल्या वेगळ्या कुळांत गेली आणि शब्द आक्रसला. तेव्हा असा उतारा समोर आला की आधी पुस्तकाचे साल पाहायचे, मग अर्थ लावायचा.

मराठीत आणताना मी ‘केळीच्या कुळातला’ किंवा ‘कदली कुलातील’ हेच वापरावे म्हणेन. बोलताना ‘केळवर्गीय’ चालते, वेलवर्गीय-कंदवर्गीय या चालीवर. पण शास्त्रीय लिखाणात वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती या पायऱ्या ठरलेल्या आहेत आणि म्युझेशस कुलाच्या पायरीवर आहे. आले, हळद, कर्दळ हे केळीचे गणबंधू. त्यांना गणाच्या नावाने एकत्र आणता येते, पण म्युझेशस म्हणता येत नाही. ‘केळ्यासारखा’ हा अर्थ मात्र कुठेच नको.

शब्दजोडी समोर आली की आधी नाम पाहायचे. म्युझेशस फायबर म्हणजे केळीच्या कुळातल्या झाडांच्या खोडाचा धागा. त्यात आपल्याकडे घड कापल्यावर उरलेल्या खोडांतून काढतात तो येतो आणि फिलिपीन्सचा अबाका, म्हणजे म्युझा टेक्स्टिलिसचा दोर, तोही येतो. म्युझेशस सीड हा शब्द बहुधा जीवाश्मांच्या संदर्भात येतो. अमेरिकेत ओरेगॉनमध्ये सुमारे 4.3 कोटी वर्षांपूर्वीच्या खडकात सापडलेल्या बिया मँचेस्टर आणि क्रेस या संशोधकांनी 1993 मध्ये एन्सेटच्या म्हणून ओळखल्या. आज तिथे एकही केळ रानात उगवत नाही. आणि नॉन-म्युझेशस होस्ट्स म्हणजे केळीच्या कुळाबाहेरची, रोगाला आसरा देणारी झाडे. मुलाने ते ओट्यावर बसून वडिलांना वाचून दाखवायचे तर मी म्हणेन की ‘बांधावरची काकडी, मिरची आणि तण’ असे सरळ म्हणावे. त्यांना लगेच कळेल.